टूथवर्ट बडोद्यात लागेल का, आणि दातदुखीवर चालेल का

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला. भाचा इंग्लंडला असतो, त्यानं एप्रिलमध्ये फोटो पाठवला, हेझलच्या झाडाखाली पालापाचोळ्यातून वर आलेले फिकट गुलाबी तुरे, एकही हिरवं पान नाही, आणि तिथल्या लोकांनी नाव सांगितलं टूथवर्ट. आता तो दिवाळीला बडोद्याला येताना त्याचा गड्डा घेऊन येतो म्हणतोय. तर मांजलपूरच्या तुमच्या गच्चीवर कुंडीत ते लागेल का, दातदुखीवर खरंच उपयोग होतो का, आणि इथल्या नर्सरीवाल्यानं चित्रकाचं रोप दाखवून "हेच ते" असं सांगितलं ते बरोबर का.

आधी सरळ उत्तर. गड्डा आणायला सांगू नका, तो इथे जगणार नाही आणि असा आणायला परवानगीही नाही. दातदुखीवर त्या फोटोतल्या झाडाचा उपयोग नाही. आणि नर्सरीवाला अगदीच चुकीचं बोलला नाही, कारण इंग्रजीत हेच नाव तीन अगदी वेगवेगळ्या जातकुळींच्या झाडांना आहे आणि त्यात चित्रकाचे भाऊबंदही येतात, पण तुमच्या दृष्टीनं खरी काळजीची गोष्ट तीच आहे, कारण चित्रक ही दाताला लावायची वस्तू नाही. आता एकेक सविस्तर सांगतो, कारण माझं निम्मं आयुष्य इथल्या नर्सरीत आणि चरोतरच्या, म्हणजे आणंद-खेडा भागातल्या, तंबाखूच्या शेतात गेलंय आणि या झाडाचे सख्खे नातेवाईक मी रोज बघत आलोय.

फोटोतलं झाड म्हणजे लॅथ्रिया स्क्वॅमारिया. हे पूर्ण परजीवी. हरितद्रव्य नाहीच, त्यामुळे स्वतःचं अन्न स्वतः बनवायचा प्रश्नच येत नाही, सगळं काही दुसऱ्या झाडाच्या मुळातून ओढून घ्यायचं. हेझल, आल्डर, एल्म, बीच, अक्रोड, असल्या थंड प्रदेशातल्या झाडांच्या मुळांवर ते वाढतं. वर्षातले बहुतेक महिने ते जमिनीवर दिसतच नाही. खाली मात्र त्याचं फांद्या फुटलेलं जाड खोड पसरलेलं असतं, त्यावर पांढरट, मांसल, एकमेकांवर चढलेले खवले असतात, आणि ते खवले दिसायला हुबेहूब दाढांसारखे. मार्च ते मे मध्ये फक्त फुलांचा तुरा वर येतो, फार तर वीत-दीड वीत उंच, सगळी फुलं एकाच बाजूला झुकलेली, भुंगे-मधमाश्या येतात, बी होतं, आणि जूनपर्यंत वरचं सगळं काळं पडून संपतं. हे काळं पडणं पण लक्षात ठेवा, यात ऑक्युबिनसारखी द्रव्यं असतात त्यामुळे झाड तोडलं, चुरगळलं किंवा वाळवलं की ते काळसर निळं होतं. म्हणून याचा वाळवलेला नमुना कधीच फोटोसारखा गुलाबी दिसत नाही.

आता ते खातं कसं, हा मला यातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. त्याच्या बारीक मुळांवर छोट्या गाठी येतात, त्याला शोषक मुळं म्हणायचं, त्या यजमान झाडाच्या मुळाला चिकटतात, आत शिरतात आणि आतल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांना जोडून घेतात. म्हणजे पानात तयार झालेल्या गोड रसाच्या नळ्यांना नाही, तर मुळाकडून वर जाणाऱ्या पाण्याच्या नळ्यांना. त्या पाण्यात एरवी अन्न अगदी पातळ असतं, पण वसंतात, झाडाला पालवी फुटायच्या आधी, मुळात साठवलेली साखर आणि नत्राची द्रव्यं त्याच पाण्यातून वर चढवली जातात, आणि नेमकं त्याच वेळी टूथवर्ट फुलतं. वेळ कशी साधली आहे बघा.

पण एक अडचण उरते. पाणी खालून ओढायचं तर वरून ते बाहेर जायला पाहिजे, हिरव्या झाडात हे काम पानं करतात, ऊन लागलं की पानातून वाफ जाते आणि खालून पाणी ओढलं जातं. इथे पानंच नाहीत आणि झाड मातीखाली. मग ते जादा पाणी टाकतं कुठे? तर त्या दाढेसारख्या खवल्यांच्या आत पोकळ कप्पे असतात आणि कप्प्यांच्या भिंतीवर बारीक ग्रंथी असतात, त्या ग्रंथी पाणी बाहेर टाकत राहतात. म्हणजे अन्न आत ठेवायचं आणि पाणी मातीत सोडून द्यायचं. 19व्या शतकात काही शास्त्रज्ञांना हे कप्पे बघून वाटलं होतं की हे झाड किडे पकडून पचवतं, कारण त्या कप्प्यांत अगदी बारीक जीव सापडायचे. ते खरं निघालं नाही, पण तशी शंका येणं स्वाभाविक होतं.

आता यावरून तुम्हीच सांगा, कुंडीत काय लावणार? लॅथ्रियाचा नुसता गड्डा मातीत पुरला तर त्याला खायलाच काही नाही, यजमानाच्या मुळापासून तोडला त्या क्षणी त्याचा पुरवठा बंद झाला. तो लावायचा म्हणजे आधी हेझल लावायचं, आणि हेझलला हिवाळ्यात शेकडो तास 7 अंशांच्या खालची थंडी लागते, तेव्हाच त्याच्या कळ्या नीट उठतात. आपल्याकडे जानेवारीत एखाद्या पहाटे 9-10 पर्यंत उतरलं तरी दुपारी 28 असतं, आणि मे महिन्यात 42-43. कुंडीतली माती गच्चीवर त्याहून जास्त तापते. एसी लावून, बर्फ घालून असले प्रयोग लोक विचारतात मला, त्यात पैसे घालवू नका, झाड तर मरेलच आणि तुमचा हिरमोड होईल.

भाच्याला मात्र त्याच्या अंगणात लावता येईल, आणि त्याला खरी हौस असेल तर त्यानं तेच करावं. पद्धत अशी. जुनं, चांगलं रुजलेलं हेझल किंवा आल्डर पाहिजे, काल लावलेलं रोप चालत नाही कारण परजीवीचा भार त्याला झेपत नाही. झाडाच्या बुंध्यापासून थोडं लांब, जिथे बारीक मुळं असतात तिथली माती हातानं हळूच बाजूला करायची, मुळं तोडायची नाहीत, उघड्या झालेल्या मुळांवर ताजं बी टाकायचं आणि पानकुजाची माती परत ओढून घ्यायची. ताजं बी म्हणजे त्याच मोसमातलं, वाळवून डबीत ठेवलेलं नाही. मग पुढे काही करायचं नाही. खत नको, खणणं नको, तिथे दुसरं काही लावणं नको, माती ओलसर राहील एवढंच बघायचं. बी उगवायलासुद्धा जवळ जिवंत मूळ लागतं, आणि उगवल्यापासून पहिलं फूल यायला दहाएक वर्षं लागू शकतात, तोपर्यंत वर काहीही दिसत नाही. इतका धीर नसेल तर त्याच कुळातलं जांभळं टूथवर्ट, लॅथ्रिया क्लँडेस्टिना, हे बागेत लावायला लोक जास्त पसंत करतात. ते मूळचं फ्रान्स, स्पेन त्या बाजूचं, विलो आणि पॉपलरच्या मुळांवर वाढतं, त्याला तुरा येतच नाही, गडद जांभळी फुलं थेट जमिनीतून वर येतात आणि झऱ्याकाठी विलोखाली त्याचा गालिचा होतो. त्याचं बी चांगलं जाड असतं आणि फळ पिकलं की फट्कन फुटून बी लांब उडतं. केंब्रिजच्या बोटॅनिक गार्डनमध्ये ते बघायला मिळतं, भाच्याला म्हणावं मार्च-एप्रिलमध्ये जाऊन ये. जंगलातनं उपटून मात्र आणू नये, तिथे 1981 च्या वन्यजीव कायद्यानं जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानटी झाड मुळासकट उपटणं गुन्हा आहे.

आणि आपल्याकडची बाजू. 2003 चा केंद्र सरकारचा प्लांट क्वारंटाईन आदेश आहे, त्याप्रमाणे बी, रोप, गड्डा काहीही परदेशातून आणायचं तर आधी आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्तीचं सर्टिफिकेट लागतं, आणि मातीला तर जवळपास बंदीच आहे. लोकांना वाटतं सामानात एवढासा गड्डा टिश्यूत गुंडाळून आणला तर कुणाला कळतंय. कळण्या न कळण्याचा प्रश्नच नाही हो ताई, त्या मुठभर मातीत काय आहे ते तुम्हालाही दिसत नाही. हे मी इतक्या कळकळीनं का सांगतोय ते पुढचं वाचलं की समजेल.

आणंद, बोरसद, पेटलादकडे कधी हिवाळ्यात गेलात तर तंबाखूच्या शेतात झाडांच्या बुडाशी फिकट पिवळसर-जांभळे तुरे बघा, पान नाही, हिरवा रंग नाही. तिकडचे शेतकरी त्याला वाकुंबो म्हणतात. हा ओरोबँकी, टूथवर्टच्याच कुळातला, ओरोबँकेसी कुळ म्हणतात ते याच्याच नावावरून. म्हणजे तुमचा भाचा जे फोटोत बघून हरखला त्याचा भाऊ आपल्यापासून तासाभरावर आहे, फक्त तो कुणालाच हवासा नाही. तंबाखूवर येतो, वांगी-टोमॅटोवर येतो, मोहरीवर येतो, ग्वाल्हेर-मोरेनाकडच्या मोहरीच्या पट्ट्यातही याचा त्रास आहे. एका झाडाला लाखाच्या घरात बी होतं, बी म्हणजे अक्षरशः धूळ, नुसत्या डोळ्यांना एकेक दिसत नाही, आणि ते जमिनीत दहा-दहा वर्षं आणि त्याहून जास्तही जिवंत पडून राहतं. वाऱ्यानं जातं, पाण्याबरोबर जातं, ट्रॅक्टरच्या चाकाला लागून शेजारच्या शेतात जातं.

ते इतकी वर्षं थांबतं कशासाठी, तर मुळाच्या खुणेसाठी. झाडांची मुळं मातीत काही द्रव्यं सोडतात, स्ट्रिगोलॅक्टोन म्हणतात त्यांना, पहिलं असं द्रव्य 1966 मध्ये कापसाच्या मुळांपासून मिळालं. खरं तर झाड ही द्रव्यं सोडतं ते मातीतल्या मित्र बुरशीला बोलवायला, जी बुरशी मुळाला स्फुरद मिळवून देते, हे 2005 मध्ये कळलं. पण ती हाक परजीवीचं बी पण ऐकतं आणि बरोबर तेव्हाच उगवतं जेव्हा मूळ दोन-चार मिलिमीटरवर असतं. ज्वारीतला टारफुला तुमच्या माहेरी खानदेशात बघितला असेल, तो पण याच कुळातला आणि त्याचीही हीच युक्ती, फक्त त्याला हिरवी पानं असतात म्हणून तो अर्धा परजीवी.

शेतकऱ्याला मी काय सांगतो ते पण लिहून टाकतो, कुणाच्या तरी कामी येईल. वाकुंबो दिसला की फूल उमलायच्या आत उपटायचा, एकदा नाही तर हंगामभर दर आठ-दहा दिवसांनी फेरी मारायची, आणि उपटलेला बांधावर टाकायचा नाही, कारण उपटल्यावरही बी पिकतं, शेताबाहेर नेऊन जाळायचा. जनावरांना घालायचा नाही, बी पोटातून जसंच्या तसं बाहेर येतं आणि शेणखतातून परत शेतात. तंबाखूच्या आधी खरिपात मूग किंवा तीळ घेतला तर त्यांच्या मुळांच्या हाकेनं बी उगवतं पण त्यांच्यावर जगू शकत नाही आणि मरून जातं, एका हंगामात शेत साफ होत नाही पण बीचा साठा कमी होत जातो. सारखी तंबाखूवर तंबाखू हे मात्र बंद करावं लागतं आणि तेच लोकांना जड जातं, पैशाचं पीक आहे. आणंदला बीडी तंबाखू संशोधन केंद्र आहे, ज्यांचं शेत आहे त्यांनी तिथे जाऊन विचारावं. आता समजलं ना मातीचा गोळा परदेशातून का आणू नये. लॅथ्रिया स्वतः कदाचित इथे काहीच करणार नाही, पण त्याच्या मातीबरोबर कुठलं बी येईल सांगता येत नाही, आणि ते आलं की निघत नाही.

या कुळातलं एक देखणं झाड मात्र तुम्ही नक्की बघा. खंभातच्या आखाताकडच्या खाऱ्या जमिनीत, कच्छमध्ये, हिवाळ्यात वाळूतून जाडजूड पिवळ्या फुलांचे खांब वर येतात, ते सिस्टँकी. ते वाढतं पिलूच्या मुळांवर. पिलू म्हणजे मिसवाकचं झाड, ज्याच्या काडीनं लोक दात घासतात. चीनमध्ये याच सिस्टँकीच्या भाईबंदांना ताकदीचं औषध म्हणून एवढी मागणी आहे की तिथे वाळवंटात आधी यजमान झुडपं लावतात आणि मग त्यांच्या मुळाशी बी पेरून त्याची शेती करतात. म्हणजे परजीवी लावताच येत नाही असं नाही, फक्त आधी यजमान, मग ते. आणि खुद्द लॅथ्रियाच बघायचं असेल तर पश्चिम हिमालयातही त्याची नोंद आहे, वसंतात काश्मीरला गेलात तर अक्रोडाखाली नजर टाका.

दुसरं टूथवर्ट अमेरिकेतलं. बडोद्यात घरटी एक माणूस न्यू जर्सीला असतंच, तेव्हा हे पण सांगून ठेवतो. तिथल्या पानगळीच्या जंगलात एप्रिलमध्ये एक वीतभर उंचीचं रोपटं येतं, चार पाकळ्यांची पांढरी किंवा फिकट गुलाबी फुलं, हिरवी कातरलेली पानं. हे कार्डामाईन, पूर्वी याला डेंटारिया म्हणायचे, परजीवी अजिबात नाही, मोहरीच्या कुळातलं साधं झाड. जमिनीखालच्या कांडीवर दातासारखे उंचवटे असतात म्हणून तेच नाव. मोठ्या झाडांना पानं फुटून सावली व्हायच्या आत यानं फुलून, बी करून, उन्हाळा लागेपर्यंत परत जमिनीत जायचं असतं. कांडी कुटली की राईसारखाच झणका नाकात जातो, रसायन त्याच गटातलं, आणि चिरोकी, ओजिब्वे वगैरे तिथल्या मूळ लोकांनी ती मीठ लावून, चटणीसारखी, आंबवून खाल्ली आहे, पोटाच्या तक्रारींवर आणि सर्दीवरही वापरली आहे. लावायला सोपं, कांडीचे तुकडे पानकुजात इंचभर खोल आडवे ठेवायचे, सावली आणि ओल पाहिजे, पण हिवाळ्यात बर्फाची थंडी पाहिजेच, त्यामुळे तेही बडोद्याला नाही. तिकडे कुणी लावणार असेल तर त्यानं खाण्यापेक्षा फुलपाखरांसाठी लावावं असं मी म्हणेन. वेस्ट व्हर्जिनिया व्हाईट नावाचं पांढरं फुलपाखरू याच झाडांवर अंडी घालतं. युरोपातून आलेली गार्लिक मस्टर्ड, जी 1868 मध्ये लाँग आयलंडवर पहिल्यांदा नोंदवली गेली, ती आता त्याच जंगलात माजली आहे, आणि ही फुलपाखरं वास सारखा म्हणून तिच्यावर अंडी घालतात आणि अळ्या मरतात. बाहेरचं झाड बाहेरून आणल्यानं काय होतं त्याचं याहून वाईट उदाहरण मला माहीत नाही.

आता दाताचं. युरोपात मध्ययुगापासून एक समजूत होती की देवानं झाडाच्या रूपातच त्याचा उपयोग लिहून ठेवलाय, पॅरासेल्ससनं 16व्या शतकात ती फार पसरवली. पान यकृतासारखं दिसलं तर यकृतावर, गड्डा दातासारखा दिसला तर दातावर. लॅथ्रियाचे खवले असेच दातावर आले. पण त्यातल्या द्रव्यांनी दाताची कीड थांबते किंवा ठणका जातो असा काही पुरावा नाही. आपल्याकडेही अशा समजुती आहेत, त्यांना हसायचं कारण नाही, लोकांकडे तेव्हा दुसरा उपाय नव्हता. पण आज दात दुखत असताना त्यावर थांबू नका.

चित्रकाकडे येतो. दक्षिण युरोपात प्लंबॅगो युरोपिया म्हणून एक झुडूप आहे, त्याचं मूळ चघळून लोक दातदुखी थांबवायचा प्रयत्न करायचे, म्हणून त्याला आणि त्याच्या भावंडांनाही टूथवर्ट म्हणायला लागले. आपला चित्रक, प्लंबॅगो झेलॅनिका, त्याचं सख्खं भावंड. यांच्या मुळात प्लंबॅजिन नावाचं पिवळं द्रव्य असतं आणि ते जहाल असतं. ताजं मूळ वाटून कातडीवर लावलं तर बिब्बा उततो तसं उततं, फोड येतात. दातावर आराम वाटायचा तो एका जागेची आग झाली की दुसऱ्या जागेचं दुखणं विसरतं म्हणून. हिरडीवर ठेवलं तर तोंड भाजेल. आयुर्वेदात चित्रक मोठं औषध आहे, भूक लागायला, पचनाला, संग्रहणीला, चित्रकादि वटी घराघरात माहीत आहे, पण तिथेही मूळ आधी चुन्याच्या निवळीत शुद्ध करून मगच अगदी छोट्या मात्रेत वापरतात. आणि हे मुद्दाम लिहितो, गर्भारपणात चित्रक पोटात जाता कामा नये, त्यानं गर्भपात होऊ शकतो, खेड्यांत त्यासाठी याचा, विशेषतः लाल चित्रकाचा, वापर होऊन बायकांचे जीव धोक्यात आले आहेत. घरात कुणी दिवस गेलेली असेल, अल्सर असेल, अॅसिडिटी असेल तर वैद्याला विचारल्याशिवाय वटीसुद्धा नको.

झाड म्हणून मात्र चित्रक लावाच, बडोद्याच्या हवेला फार छान आहे. आधी रोप ओळखून घ्या, कारण नर्सरीत निळ्या फुलांचं झुडूप बहुतेक वेळा चित्रक म्हणूनच विकतात, ते दक्षिण आफ्रिकेतलं शोभेचं प्लंबॅगो. औषधी चित्रकाची फुलं पांढरी, पाच पाकळ्या, आणि फुलाखालचं हिरवं पुष्पकोश हाताला चिकटतं, त्यावर चिकट ग्रंथी असतात, त्या चिकटूनच बी जनावरांच्या अंगावरून लांब जातं. लाल फुलांचा तो लाल चित्रक, तो जास्त तीव्र, घरात लहान मुलं असतील तर तो नकोच. खात्रीचं रोप हवं असेल तर आणंदजवळ बोरियावीला औषधी आणि सुगंधी वनस्पतींचं केंद्र सरकारचं संशोधन संचालनालय आहे तिथे चौकशी करा, बडोद्याच्या युनिव्हर्सिटीच्या बॉटनी डिपार्टमेंटच्या बागेतही जाणकार लोक भेटतात.

जून-जुलैत, पहिले दोन पाऊस झाले की, अर्धवट जून झालेल्या फांदीची वीतभर, तीन डोळ्यांची काडी घ्या, खालची पानं काढा, दोन डोळे मातीत जातील अशी लावा. गोराडू, म्हणजे हलकी रेताड माती मिळाली तर उत्तम, काळी असेल तर निम्मी रेती आणि थोडं कुजलेलं शेणखत मिसळा, चित्रकाला मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही. महिन्याभरात मुळं धरतात. कुंडी निदान फूटभर खोल पाहिजे कारण मुळं खाली जातात. सकाळचं ऊन आणि दुपारी सावली अशी जागा बघा, एप्रिल-मेमध्ये हिरव्या नेटखाली. पावसाळ्यानंतर हिवाळाभर फुलं राहतील, फुलं संपली की एक तृतीयांश छाटा, नाहीतर झाड लोळत सुटतं. कळ्यांवर छोट्या हिरवट अळ्या दिसल्या तर औषध मारू नका, ती झेब्रा ब्लू नावाच्या नाजूक पट्टेरी फुलपाखराची पोरं, चित्रकाच्या कळ्या हेच त्यांचं खाणं, झाडाला त्यानं काही होत नाही. मूळ औषधासाठी काढतात ते वर्ष-दीड वर्षानं, पण तुम्ही काढू नका, आणि कुंडी बदलताना मूळ तुटलं तर हातमोजे घालून काम करा, तोच हात डोळ्याला लागला तर फार त्रास होतो.

आणि दातासाठीच कुंडीत काही हवं असेल तर अक्कलकाढा लावा, ज्याला इथले नर्सरीवाले अक्कलकरो म्हणून देतात, पिवळ्या बटणासारखं फूल, मध्ये लालसर ठिपका, शास्त्रीय नाव अॅक्मेला ओलेरेसिया. गांधीच्या, म्हणजे जडीबुटीच्या दुकानात जी अक्कलकऱ्याची मुळी मिळते ती उत्तर आफ्रिकेकडच्या वेगळ्याच झाडाची असते, गुण थोडाफार तसाच. याच्या फुलात स्पिलँथॉल असतं, अर्धं फूल दाताशी धरून चावलं की आधी झिणझिण्या येतात, तोंडात भरपूर पाणी सुटतं आणि मग दहा-पंधरा मिनिटं ती जागा बधिर होते. ब्राझीलमध्ये पारा नावाच्या राज्यात याची पानं रोजच्या जेवणात खातात. बी अगदी बारीक असतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा पाऊस ओसरल्यावर मातीच्या वरच टाका, झाकू नका, फवारा मारून ओलसर ठेवा, दोनेक महिन्यांत फूल येतं. त्याला पाणी रोज लागतं आणि दुपारचं ऊन सोसत नाही. एकदा झाड झालं की फांदी मातीला टेकते तिथे मुळं फुटतात, मग बीची गरजच नाही, शेजारी वाटत सुटाल. शेवंती-झेंडूच्या जातीच्या फुलांची अॅलर्जी असेल त्यांनी तोंडात घालू नये.

पण हे बधिर करणं आहे, बरं करणं नाही. लवंगेच्या तेलाचंही तेच, त्यातलं युजेनॉल डेंटिस्टसुद्धा झिंक ऑक्साईडमध्ये कालवून तात्पुरतं भरायला वापरतात, म्हणजे वस्तू चांगलीच आहे, कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, हिरडीला न लागू देता. मात्र रात्री झोप मोडेल असा ठणका, गालाला सूज, ताप, किंवा गरम पाणी लागलं की कळ जाणं, यातलं काही असेल तर आत पू धरतोय असं समजा आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जा, फुलं चावत आठवडा काढू नका. तुमच्या प्रश्नात दोन महिने दाढ अधूनमधून दुखते असं एक वाक्य मध्येच येऊन गेलंय, ते मी वाचलंय. झाड जुलैत लावू, दाढ या आठवड्यात दाखवा.